कुंडीची डावी कड

सोमवार, ३ मार्च

चि. भिंगरीस,

तू खुशाल असशील. आम्हीही आहोत. हवा चांगली आहे.

घरात फोन असताना ताईला पत्र कसं सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. ‘अगं पण ताई’ म्हणून मध्ये घुसतेस आणि मग मी तुझ्याच बोलण्याला उत्तरं देत बसते. पत्रात मध्ये घुसायची सोय नाही. तुझे फोन मी उचलत नाही ते मुद्दाम, फोन बिघडलेला नाही. तुझा परवाचा निरोपही वाचला. ‘राग गेला का?’ नाही गेला. रागाला काय गाडी पकडायची होती?

बाबा ठीक आहेत. शेवंतीच्या कलमांनी मुळं धरली. डेलियाचे कंद काढून, माती झटकून जाळीवर पसरलेत, यंदा कुजके फारसे निघाले नाहीत. शेडमधल्या, कुंड्या धुवायच्या मधल्या टाकीला तडा गेला होता, तो मीच बुजवला. शेजारच्या मास्तरीणबाई त्यांच्या खिडकीतल्या कुंड्या घेऊन आल्या होत्या, म्हणे तुमच्या टाकीत एकदा बुचकळून देता का. त्या कुंड्यांना पांढरा मावा लागलेला, हात लावला तर चिकटत होता. मी म्हटलं, बाई, ब्लीचचं पाणी बादलीभर देते, पण धुवायचं तुमच्या अंगणात. तेव्हापासून त्या माझ्याकडे बघत नाहीत. म्हणजे माझ्याशी न बोलणाऱ्या त्या एक, आणि मी जिच्याशी बोलत नाही ती तू एक.

आता मुद्द्याचं. मला तुझा राग आलाय, भिंगरे. भयंकर आलाय. सकाळी चहा गाळताना येतो, कात्र्या पुसताना येतो, दुपारी तर काही विचारूच नकोस. ‘मी काय चुकीचं बोलले?’ असं तू त्या दिवशी रिक्षात बसता बसता विचारलंस. तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आता फुटतोय, तर ऐक. जे घडलं ते मी पहिल्यापासून लिहिते, कारण तुला तुझ्या सोयीचं तेवढंच आठवतं.

तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. बाबा झोपले होते. त्यांनी सकाळी धुतलेल्या कुंड्या तारेच्या मांडणीवरून उतरवून मी पुन्हा धूत होते, आणि तू चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिलीस. ‘अगं, या तर धुतलेल्या आहेत ना?’ मी तुला एक कुंडी दाखवली. बाहेरून लख्ख. आत बघितलं तर कडेखाली, डाव्या अंगाला, बोटभर रुंदीची मातीची पट्टी. दुसरी दाखवली, तिलाही तिथेच. सगळ्यांना तिथेच. बाबा कुंडी नेहमी एकाच पद्धतीने धरतात, न फिरवता धुऊन तशीच तारेवर ठेवतात, आणि त्यांच्या डाव्या बाजूचं त्यांना नीट दिसेनासं झालंय, हे मला त्या पट्टीने सांगितलं. त्यांनी नाही.

ज्या माणसाने आपल्याला बोलता यायच्या आधी ‘आधी माती, मग साबण, मग ब्लीच’ शिकवलं, त्याच्या हातच्या कुंडीत माती! ‘मळावर ब्लीच ओतलं तर ब्लीच मरतं आणि मळ जगतो,’ असं शेडमध्ये येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवणारा माणूस. तू लहान असताना एका झाडाची फुलं कापून न पुसलेली कात्री तशीच पुढच्या झाडाला लावलीस, तर त्यांनी तुला त्या अख्ख्या ओळीची माफी मागायला लावली होती. झाडांची! प्रत्येक झाडापुढे उभं राहून. तू प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत गेलीस आणि मी डेलियांच्या मागे लपून हसत होते. त्या माणसाला मी काय सांगू, बाबा, तुमच्या कुंड्या घाण निघतात?

म्हणून मी सांगितलं नाही. ते झोपले की पुन्हा धुवायचं आणि ज्या क्रमाने त्यांनी तारेवर उलट्या ठेवल्या असतील त्याच क्रमाने ठेवायचं. एवढंच. चार वाजता ते उठून बघायला यायचे तेव्हा कुंड्या ओल्याच असायच्या. मग मी उन्हावर ढकलायचे. ढग होते बाबा, आज ऊन पडलंच नाही. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की हल्लीच्या उन्हात पूर्वीचा दम नाही म्हणून ते मास्तरीणबाईंशी वाद घालून आले. हे तुला सांगताना मी पोट धरून हसले होते आणि तूही हसलीस. मग मी म्हटलं, ‘कुणाला बोलू नकोस हं.’ आणि तू म्हणालीस, ‘वेडी आहेस का?’

वेडीच होते. लिफ्टची तपासणी करून पोट भरणाऱ्या बाईला मी गुपित सांगितलं. तुझा धंदाच हा. दोर झिजलाय का, ब्रेक लागतो का, आणि दोष सापडला की दारावर पाटी लावायची. लिफ्टला वाईट वाटत नाही, भिंगरे. बापाला वाटतं.

तू निघालीस त्या दिवशी जेवायला फुलवाले काका होते. आपली फुलं नेता नेता म्हातारे झालेले काका, ज्यांच्यापुढे बाबांची मान कधी खाली गेली नव्हती. बाबा रंगात होते. ‘आमच्याकडे रोपं मरत नाहीत, कारण कुंडी मी स्वतः धुतो,’ हे त्यांचं चाललेलं. काका मान डोलवत होते. मी वाढायला वाकले आणि बाबांना माझे हात दिसले. लाल, फुटलेले, बोटांच्या पेरांवर चिरा. ते म्हणाले, ‘हिला शंभरदा सांगितलं हातमोजे घाल. हलगर्जी आहे. कामापेक्षा घाई जास्त.’ मी वाढत राहिले. मला सवय आहे. पण तू चमचा ठेवलास.

‘बाबा, तिचे हात तुमच्या कुंड्या पुन्हा धुऊन फुटलेत. रोज. तुम्ही झोपलात की. तुमच्या कुंडीत डाव्या बाजूला माती राहते, तुम्हाला ती दिसत नाही.’

असं एका दमात. जणू लिफ्टच्या दारावर पाटी लावली.

काका खोकले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी आणायला गेले ती स्वयंपाकघरातच उभी राहिले.  बाबा जेवण पुरं करून उठले, हात धुतले, काकांना फाटकापर्यंत सोडून आले. तासाभरात तुझी रिक्षा आली.

मी तुला माझे हात वाचवायला सांगितलं होतं का? माझे हात आहेत, मी काय ते बघेन. तू एक आठवडा आलीस, खोटं बोलणं तुला सहन झालं नाही, खरं बोललीस आणि गेलीस. राहिलो आम्ही. खरं बोलून निघून जाणं फार सोपं असतं गं. नंतर त्या घरात राहून बघ.

फाटकावर कुणीतरी आलंय. बाकीचं नंतर.

बुधवार

पत्र पेटीत टाकायचं म्हणून आज पुन्हा वाचलं आणि ‘बाबा ठीक आहेत’ या वाक्यावर अडले. खोडणार होते. मग वाटलं, राहू दे, तुलाही कळू दे मला सवय कशी लागलीय. बाबा ठीक नाहीत.

तू गेलीस त्या संध्याकाळचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते शेडमध्ये गेले. मला वाटलं तोडफोड करतील, निदान ओरडतील. मी मागोमाग गेले. ते तारेवरच्या कुंड्या बघत उभे होते. त्यांनी सकाळी धुतलेल्या, आणि तुझ्या बांधाबांधीच्या गडबडीत मला त्या दिवशी पुन्हा धुवायला जमलं नव्हतं. त्यातली एक त्यांनी काढली, उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून बघितली आणि माझ्यापुढे केली.

‘घाण आहे यात?’

मला दिसत होती. नेहमीच्याच जागी.

‘नाही बाबा,’ मी म्हटलं. ‘छान निघालीय. भिंगरीचं काय ऐकता, तिला काय कळतंय यातलं?’

त्यांनी अंगठ्याचं नख कुंडीच्या आत घातलं आणि कडेखालून गोल फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा नखात काळी माती होती. ती त्यांना दिसली. डोळ्यांच्या अगदी जवळ नेली तेव्हा दिसली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कुंडी हळूच टाकीच्या काठावर ठेवली, चष्मा पुसला आणि घरात गेले.

त्या दिवसापासून ते शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत. दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर. आणि माझ्याशी इतकं गोड वागतात की मला घर सोडून जावंसं वाटतं. ‘तुला सोयीचं असेल तेव्हा दे.’ ‘राहू दे, तू दमली असशील.’ हे आपले बाबा! मी परवा मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत कात्री स्पिरिटने न पुसता खिशात घातली, निदान खेकसतील म्हणून. ते खिडकीबाहेर बघत बसले.

स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळतात आता. विसळून झाला की कुणाला तरी दाखवतात. दूधवाल्याला दाखवतात. मीटर बघायला आलेल्या माणसाला दाखवला. ‘बघा हो जरा, निघालाय का नीट?’ तो बिचारा गोंधळून म्हणाला, हो काका, स्वच्छ आहे. मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. मला नाही विचारलं. मला कधीच विचारत नाहीत.

तुझ्यावर मी ज्या तोंडाने चिडलेय, त्याच तोंडाने हे सांगावं लागतंय, म्हणून दात-ओठ खात लिहिते. तू बोललीस म्हणूनच मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तू बोलली नसतीस तर मी वर्षभर अजून उन्हावर ढकलत राहिले असते. घे. एवढं एकदाच लिहिणार, पुन्हा वर काढू नकोस.

डॉक्टर तरुण आहेत, हसरे. ते म्हणाले, डोळ्याच्या आतला दाब वाढलाय आणि त्याने बाजूची नजर खाल्लीय. गेली ती परत येणार नाही. उरलेली वाचवायची तर ऑपरेशन करायला हवं, आणि लवकर. दोन्ही डोळ्यांना आहे, डाव्याला जास्त. पुढच्या शुक्रवारची वेळ दिलीय. नाही केलं तर हळूहळू मधलंही जाईल. मग कप नाही, कुंडी नाही, काहीच नाही. मी बाहेर बाकावर बसलेल्या बाबांकडे गेले आणि म्हटलं, ‘बाबा, साधंसं ऑपरेशन आहे. सगळं व्यवस्थित होईल.’

ते म्हणाले, ‘तू असंच म्हणणार.’

रागाने नाही गं. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाले.

घरी येताना मी सगळे उपाय करून बघितले. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. तर म्हणाले, डॉक्टरही तुझ्यासारखाच दिसतो, तोंडावर गोड. म्हटलं, मी खरंच सांगतेय. तर म्हणाले, ‘कुंड्यांचंही खरंच सांगत होतीस.’ म्हटलं, नाही केलं तर आंधळे व्हाल. मुद्दाम तोडून बोलले, तुझ्यासारखं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मला घाबरवायलाही जमत नाही, असं त्यांना वाटलं असावं. काल रात्री जेवताना म्हणाले, ऑपरेशन कशाला, आता मला बघायचं काय राहिलंय. शेड तू बघतेसच. माझ्यापेक्षा चांगली बघतेस.

त्यावर मी ताट तसंच टाकून उठले. मागच्या अंगणात गेले आणि रिकाम्या बादल्या घासत बसले. धुतलेल्याच बादल्या.

मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही, हे तुला स्पष्ट सांगते. म्हाताऱ्या माणसाचा हात कामातून काढून घेण्यापेक्षा मी त्या कुंड्या दोनदाच काय, दहादा धुतल्या असत्या. आजही धुवेन. पण रोज ‘छान निघाल्यात’ म्हणता म्हणता माझा शब्द कधी संपला, ते मला कळलं नाही. आणि नेमका आता, त्याची गरज असताना, तो चालत नाही. याचा राग तुझ्यावर काढतेय असं तू म्हणशील. काढतेय. दुसऱ्या कुणावर काढू?

आणि जे लिहायचं टाळत मी इतकी पानं भरली, ते आता लिहिते. आज सकाळी मी पुन्हा विषय काढला. शुक्रवार जवळ येतोय, बाबा. त्यांनी विसळलेला कप पालथा ठेवला. मग म्हणाले,

‘भिंगरीला विचार. ती जा म्हणाली तर जाईन.’

ऐकलंस? आईच्या आजारपणापासून मी इथे आहे. त्यांच्या गोळ्या मला पाठ आहेत, त्यांच्या चपलांचा आवाज मला पाठ आहे. त्यांच्या डोळ्यांत काय झालंय हे मला कुंडीवरून कळलं. आणि विचारायचं कुणाला? जिने पाहुण्यांसमोर त्यांची लाज काढली तिला! मला इतका राग आला की मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

तर तू ये. शुक्रवारच्या आधी ये. रजा मिळत नसेल तर भांडून घे, तुला भांडता येतं. फोनवर सांगून भागणार नाही, त्यांना तुझं तोंड बघून ऐकायचंय, दिसतंय तोवर. डॉक्टरांना भेट आणि ते दोर-ब्रेकचे प्रश्न विचारतेस तसे विचार. नजर किती राहील, किती दिवस राहील, ऑपरेशन बिघडलं तर काय. मग बाबांना जसंच्या तसं सांग. गोड करू नकोस. तुला येतही नाही. फुलवाले काका असले तरी सांग, मास्तरीणबाई असल्या तरी सांग. आणि बाबांना पुन्हा कुंड्या धुवायला पाठवायचं असेल तर तेही तूच ठरव. डावीकडे फिरवून धुवा म्हणून सांगता येईल. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, ही पुन्हा माझं मन राखतेय.

तुझी माझी दिलजमाई झाली असं समजू नकोस. तू आलीस की मी तुझ्याशी बोलेनच असं नाही. अंथरूण घातलेलं असेल, चहा मिळेल, बोलणं मिळणार नाही.

फक्त एक कर. डॉक्टरांकडून निघालीस की बाबांकडे जायच्या आधी शेडमध्ये माझ्याकडे ये. त्या दिवशी निघताना डॉक्टर मला म्हणाले होते, ‘काळजी करू नका, उत्तम होईल.’ ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी ओळखते गं, मी स्वतः इतके दिवस तसंच बोलत होते. ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, हे मला ठरवता येत नाहीये आणि दुसरं कुणी मला सांगणार नाही. तेव्हा आधी मला सांग. मग बाबांना.

जशी आहेस तशीच ये.

ताई